सॅन सेबास्टियन : पाच रात्री, साबा, लेक आणि एक एक्सेल शीट. माहिती हवी आहे

पुरणपोळी
नमस्कार मंडळी. नणंद माद्रिदला असते, जूनमध्ये तिच्याकडे जातोय. त्याआधी पाच रात्री समुद्राकाठी काढायच्या म्हणून स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं सॅन सेबास्टियन पक्कं केलं. नवरा, मी, अकरा वर्षांचा लेक आणि साबा, म्हणजे सासूबाई. साबांचं वय ६९, गुडघे कुरकुरतात, शाकाहारी, अंडं चालतं पण दिसायला नको.
नवरोबांनी शीट केली आहे. पहिला दिवस बिल्बाओ, गेर्निका, गास्तेलुगाचे. दुसरा फ्रान्समधलं बियारित्झ आणि सें-जाँ-द-ल्यूझ. तिसरा पाम्प्लोना. चौथा सुमाया, गेतारिया, साराउत्स. पाचवा सॅन सेबास्टियन, 'जमलं तर'. गाडी घ्यायची की नाही यावरून घरात दोन तट आहेत. जाणकारांनी एकदा नजर घालावी. शिव्या घातल्यात तरी चालेल, शीट माझी नाही.

अजून_एक_चहा
ज्या गावात राहणार ते गाव शेवटी, आणि तेही जमलं तर? म्हणजे पुण्याला येऊन रोज लोणावळा-महाबळेश्वर करायचं आणि जाताना रिक्षातून शनिवारवाडा बघायचा.

आळसोबा
वाचतोय. जाणार नाहीये, पण वाचतोय.

दर्यावर्दी
पुरणपोळीताई, मी त्या गावात दोन वर्षं नोकरीनिमित्त होतो. मूळचा अलिबागचा, त्यामुळे आधी समुद्राबद्दलच बोलणार, रागावू नका.

शीट बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा तुमच्या तारखांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. तिथे पाणी मुंबईसारखंच चढतं-उतरतं, उधाणाला चार मीटरच्याही वर. ला कोंचा हा गावचा मुख्य किनारा, कोंचा म्हणजे शिंपला, आणि खाडीचा आकारही तसाच. भरतीला या किनाऱ्यावर टॉवेल टाकायला जागा शोधावी लागते. ओहोटीला तोच एवढा रुंद होतो की मधल्या खडकाला वळसा घालून वाळूवरून थेट पलीकडच्या ओंदारेता किनाऱ्यावर जाता येतं. उलट गावाच्या पश्चिम टोकाला चियीदा या शिल्पकाराची 'वाऱ्याचा कंगवा' ही लोखंडी शिल्पं खडकात रोवलेली आहेत, १९७७ सालची. तिथल्या फरसबंदीला भोकं ठेवली आहेत. लाटा खालच्या पोकळीत शिरल्या की भोकांतून हवा आणि पाण्याचे फवारे उडतात. ती गंमत भरतीला आणि समुद्र खवळलेला असतानाच. म्हणजे सुमायाचे खडक ओहोटीला आणि कंगवा भरतीला. एवढं एक सांभाळलंत तर अर्धी शीट आपोआप दुरुस्त होईल.

आमच्याकडचे कोळी तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात, ते गणित तिकडे जसंच्या तसं बसत नाही. पण रोज पाऊण-एक तास पुढे सरकणं तेच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तिकडची ओहोटी साधारण सकाळी अकराच्या सुमाराला येते, म्हणजे बाहेर पडायला सोयीची. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर असते तेव्हा, पाणी फारसं हटत नाही. तेव्हा कालनिर्णय सोबत न्या, चेष्टा नाही करत.

गाडी घेऊ नका. जुन्या गावात ती घालताच येत नाही आणि बाहेर पार्किंगला जेवढे पैसे जातील तेवढ्यात चौघं आठवडाभर बसने फिराल. बिल्बाओच्या विमानतळावरून थेट बस आहे, सव्वा तास.

चकली
दर्यावर्दीकाका, साबांना झेपेल असं गावात काय काय आहे तेही लिहा ना. माझे आईबाबाही जायचं म्हणताहेत.

दर्यावर्दी
चकली, लिहितो.
समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे उरगुल टेकडी, डावीकडे इगेल्दो, मध्ये सांता क्लारा हे छोटं बेट. इगेल्दोवर १९१२ सालची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे चढते, लाकडी डब्यांची. गुडघ्यांना काडीचा त्रास नाही, आणि गावाची सगळी चित्रं जिथून काढतात ती जागा हीच. वर जुनाट जत्रेसारखी करमणूक आहे, मुलगा खूश. उरगुलवर पायीच चढायचं, पण चढ सावकाश आहे आणि जागोजागी बाकं आहेत. साबांनी अर्ध्यावर तोफांपाशी बसावं, तुम्ही वर किल्ल्यापर्यंत जाऊन यावं.
जुनं गाव खरं तर तेवढं जुनं नाही. १८१३ साली नेपोलियनच्या फौजेकडून शहर सोडवायला आलेल्या इंग्रज-पोर्तुगीज सैन्यानेच ते लुटलं आणि जाळलं. सोडवणाऱ्यांनी जाळलेलं गाव! वाचलेल्या मोजक्या घरांच्या गल्लीला आता त्या तारखेचंच नाव आहे, ३१ ऑगस्ट. जवळच्या चौकात बाल्कन्यांवर आकडे रंगवलेले दिसतील. चौकात बैलांचे खेळ व्हायचे तेव्हाचे ते आसनक्रमांक. घर तुमचं, पण बाल्कनीतली जागा विकलेली.
बाकी ते रुबाबदार हॉटेल-बंगल्यांचं गाव झालं ते राणी इसाबेल दुसरीमुळे. १८४५ साली वैद्यांच्या सल्ल्याने ती इथे समुद्रस्नानाला आली आणि मागोमाग सगळा दरबार.

खमंग
खाण्याचा विषय निघाला नाही म्हणून जीव अडकला होता!
पिंचो म्हणजे काउंटरवर मांडलेले छोटे-छोटे घास, बहुतेक पावाच्या चकतीवर. पद्धत अशी की एका बारमध्ये एखाददुसरा खायचा, सोबत चाकोली ही आंबटसर पांढरी वाइन, ती हात उंच करून ग्लासात ओततात, आणि पुढच्या बारमध्ये सरकायचं. बसायचं नाही. साबांसाठी स्टूल पटकवायचं असेल तर साडेबारालाच शिरा, दोननंतर आत पाय ठेवायला जागा नसते.
शाकाहाराची खरी गोची. 'मांस नको' म्हटलं की तिथले लोक अगदी प्रेमाने ट्यूना आणून देतात. 'हामोन' म्हणजे डुकराची सुकवलेली मांडी, तिला ते मांसात धरतच नाहीत, चव म्हणून वरून भुरभुरतात. म्हणून तिन्हींची नावं घेऊन सांगायचं : नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन. पाठच करा.
काय मिळेल : बटाट्याचं जाड ऑम्लेट म्हणजे तोर्तिया, यात अंडं आहे पण दिसतं बटाट्याच्या केकसारखं, साबांच्या अटीत बसेल. गेर्निकाच्या छोट्या हिरव्या मिरच्या, तेलात परतून वर जाडं मीठ, आपल्या भज्यांच्या मिरच्यांची सौम्य बहीण. भाजलेले मश्रूम. तोलोसाचा काळा घेवडा फार सुंदर लागतो, पण त्यात बहुतेक वेळा रक्ताचं सॉसेज असतं, आधी विचारा. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज. साबा कट्टर असतील तर सांगून ठेवते, त्यात विरजणाला कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात.
आणि काळपट भाजलेला चीजकेक. मुंबई-पुण्यातही आता 'बास्क चीजकेक' म्हणून मिळतो तो मूळचा त्या ३१ ऑगस्ट गल्लीतल्या ला विन्या या बारमधला. रांग असते. लावा.
दुपारी चार ते सात चूल थंड. मुलाला भूक लागली तर बिस्किटं तुमच्या पिशवीतली.

शीटवाला
आजच सभासद झालो. शीट माझी आहे. थोडं स्पष्टीकरण : नकाशात बिल्बाओ १०० किलोमीटर, बियारित्झ ५०, पाम्प्लोना ८० च्या आसपास. पाच दिवस आहेत. मग का नाही जमणार? आणि गास्तेलुगाचे मला बघायचंच आहे.

आळसोबा
स्वागत आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दर्यावर्दी
शीटवाले, जागा बघण्यासारखीच आहे. समुद्रात घुसलेला खडक, वर चर्च, तिथपर्यंत दगडी पूल आणि २४१ पायऱ्या. पण पायऱ्यांच्या आधी रस्त्यापासून खाली उतरायला खडी वाट आहे, आणि परत येताना तीच चढायची. साबा वरच्या कठड्यावरून बघू शकतील, पण मग तुम्ही येईपर्यंत दीड-दोन तास त्या करणार काय? मोसमात आधी ऑनलाइन फुकट पास काढावा लागतो. आणि त्याच दिवशी गेर्निका आणि बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालयसुद्धा? गेर्निका घाईत बघायचं गाव नाही. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी ते भाजून काढलं. ज्या ओकच्या झाडाखाली बिस्काया या प्रांताचे सरदार लोकांचे हक्क पाळायची शपथ घ्यायचे त्याची पुढची पिढी तिथे उभी आहे. त्या बॉम्बहल्ल्यावरचं पिकासोचं 'गेर्निका' हे मूळ चित्र माद्रिदला आहे, ते नणंदेकडे गेल्यावर बघालच. आधी गाव बघून मग चित्र बघितलंत तर क्रम छान लागेल.
माझं मत : बिल्बाओला एक पूर्ण दिवस. गुगेनहाइम, आणि लेकासाठी मेट्रोने जाऊन बिस्काया पूल. १८९३ सालचा. पुलावर रस्ताच नाही, वरच्या तुळईला लटकणारा पाळणा माणसं आणि मोटारी घेऊन नदी ओलांडतो, खालून जहाजांना वाट मोकळी. जगातला आपल्या जातीचा पहिला. मला गुगेनहाइमपेक्षा तो आवडतो. हे वाक्य मी बिल्बाओत मोठ्याने बोलत नसे.

अजून_एक_चहा
नावांवरून एक सूचना. पाट्या दोन भाषांत असतात, स्पॅनिश आणि बास्क, म्हणजे तिथली स्थानिक भाषा. सॅन सेबास्टियन म्हणजे दोनोस्तिया, बिल्बाओ म्हणजे बिल्बो. आता ऐका. इरुन हे फ्रान्सच्या सीमेवरचं गाव, रेल्वेने अर्ध्या तासावर. आणि पाम्प्लोनाचं बास्क नाव इरुन्या. मी घाईघाईत यंत्रावर इरुन्याचं तिकीट काढलं, बसमध्ये मस्त झोपलो आणि तासाभराने डोंगरापलीकडे दुसऱ्या प्रांतात जागा झालो. चूक शंभर टक्के माझी. पाम्प्लोना बघून घेतलं, दुसरा इलाजच नव्हता. बायकोला हे अजून माहीत नाही, ती समजते मी मुद्दाम सरप्राइज दिलं.

भूगर्भ
सुमायाबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून हात धुऊन घेतो. पेशाने दगडफोड्या आहे, म्हणजे भूशास्त्र शिकवतो.

सुमायाच्या किनाऱ्याला जे कडे आहेत त्यांना फ्लिश म्हणतात. चिरोटा उभा कापला की पदर दिसतात ना, तसं. एक थर चुनखडीचा, कडक. पुढचा मार्लचा, म्हणजे चुना मिसळलेल्या चिकणमातीचा, मऊ. समुद्र मऊ थर खाऊन टाकतो, कडक तसाच राहतो, म्हणून किनाऱ्यावर दगडी फण्या पाण्यात शिरलेल्या दिसतात. एके काळी खोल समुद्रतळाशी आडवा साचलेला हा गाळ, पुढे पिरिनीज पर्वत घडताना तिरका होऊन वर आला. सुमाया, देबा आणि मुत्रिकू या तीन गावांच्या किनाऱ्यावर मिळून सुमारे सहा कोटी वर्षांची रोजनिशी ओळीने लागलेली आहे.
त्या रोजनिशीतलं एक पान आपल्या ओळखीचं आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा एक काळपट चिकणमातीचा पातळ थर तिथे आहे, त्यात अशनींत सापडणाऱ्या इरिडियम या धातूचं प्रमाण जास्त. डायनासोर ज्या सुमाराला संपले तो हा थर, अशनी आदळल्याची खूण. आणि जवळपास त्याच काळात इकडे आपल्याकडे लाव्ह्याचे लोटामागून लोट ओतले जात होते, ज्यांचा पुढे सह्याद्री झाला. राजगडाच्या कड्यात ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या आणि सुमायाची ती काळी रेघ, दोन्ही साधारण एकाच वयाच्या. तुमच्या लेकाने सह्याद्रीत ट्रेक केला असेल तर त्याला नक्की सांगा. डायनासोर कोणी मारले, अशनीने की आमच्या दख्खनच्या लाव्ह्याने, यावर आमच्या धंद्यातले लोक अजून भांडतात.
प्रॅक्टिकल : एउस्कोत्रेन या छोट्या रेल्वेने पाऊण-एक तास. इत्सुरुन किनाऱ्यावर ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा. खडकावर शेवाळ असतं, चपला नकोत. साबांनी वर सान तेल्मोच्या पांढऱ्या देवळीपाशी बसावं, सगळं दिसतं. जिओपार्कच्या बोटीही जातात, आधी बुकिंग करा.

चकली
चिरोटा! आता ते दगड बघताना भूकच लागणार. मस्त प्रतिसाद.

पणजीकर
पाम्प्लोनाला जातच असाल तर थोडं पुढे खावियेर किल्ला आहे. आमच्या गोंयच्या सायबाचं जन्मघर. सेंट फ्रान्सिस झेवियर १५०६ साली तिथे जन्मला, १५४२ साली गोव्यात उतरला, आणि त्याचं शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बासिलिकेत आहे. मी लहानपणापासून दर ३ डिसेंबरला फेस्ताला जात आलोय, पण त्या माणसाचं गाव डोंगराळ, कोरडं, समुद्रापासून इतकं लांब असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनाघरात अक्रोडाच्या लाकडाचा क्रुसावरचा ख्रिस्त आहे, चेहऱ्यावर हसू असलेला. भिंतीवर सांगाडे नाचताहेत. मी तिथे बराच वेळ बसलो.
तिथे बसने जाणं कठीण, एका दिवसासाठी गाडी घ्यावी लागेल. दीड-पावणेदोन तास. ते नको असेल तर आस्पेतिया गावाजवळ लोयोला आहे, बसने होतं. जेसुइट पंथाचा संस्थापक सेंट इग्नेशियस, त्याचं घर. आता यातली खरी गंमत ऐका : १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस कास्तियच्या, म्हणजे स्पॅनिश राजाच्या बाजूने लढताना तोफगोळ्याने जखमी झाला, आणि झेवियरचे सख्खे भाऊ विरुद्ध बाजूला होते. पुढे पॅरिसला इग्नेशियस आणि झेवियर एकाच खोलीत राहिले आणि मित्र झाले.

शीटवाला
पणजीकर, हे माहीत नव्हतं. आमच्या आईला चर्चमध्ये फारसा रस नाही, पण गोवा तिचा लाडका. विचारतो. बियारित्झबद्दल कोणी बोलेल का? की तेही कापलं?

खमंग
कापलं. त्याऐवजी ओंदारिबिया. कोटाच्या आतलं जुनं गाव, रंगीत लाकडी बाल्कन्यांची कोळीवाड्याची गल्ली, आणि धक्क्यावरून छोट्या बोटीने नदी ओलांडली की पलीकडे फ्रान्स, आंदाय गाव. काही मिनिटांत देश बदलतो. साबांच्या पायांना कष्ट नाहीत आणि मैत्रिणींना सांगायला 'बोटीने फ्रान्सला गेले'. परत येताना आंदायहून 'तोपो' पकडा. तोपो म्हणजे चिचुंद्रीसारखा तो बीळ करणारा प्राणी, गाडी बोगद्यांतून जाते म्हणून. थेट दोनोस्तिया. पासपोर्ट जवळ ठेवा, सीमेवर पोलीस तपासतात.

दर्यावर्दी
+१. आणि त्याच नदीत इरुनजवळ फेजंट बेट आहे. वर्षातले सहा महिने स्पेनचं, सहा महिने फ्रान्सचं. १६५९ साली दोन्ही देशांचा तह झाला तो याच बेटावर. फेब्रुवारी ते जुलै स्पेन, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा स्पेनची पाळी. बेटावर सोडत नाहीत, काठावरून झाडी दिसते, बस्स. भाऊबंदकीत विहिरीची पाळी असते तसं.

आळसोबा
आमच्या गावच्या विहिरीवर पोलीस नाहीत, तिथेच गडबड होते.

पुरणपोळी
सगळ्यांचे खूप आभार. शीट रद्द. नवी शीट साबांनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने केली आहे. आल्यावर वृत्तांत टाकते.

पुरणपोळी
आलो परत! कबूल केल्याप्रमाणे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिले दोन दिवस पाऊस. पाऊस म्हणजे काय, धड छत्री उघडावी असाही नाही, नुसती भुरभुर. तिकडे तिला सिरिमिरी म्हणतात. साबा म्हणाल्या, हा तर आमचा चिपळूणचा श्रावण. त्यांनी प्लास्टिकची टोपी घातली आणि चालायला लागल्या, आम्हीच हॉटेलच्या दारात आकाशाकडे बघत उभे. पहिला दिवस गावातच काढला. इगेल्दोवर गेलो तर ढगात काहीच दिसेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडलं तेव्हा परत वर गेलो, दोनदा तिकीट पडलं पण वसूल.

कंगव्यापाशी भरतीला गेलो, दर्यावर्दीकाकांच्या सांगण्याप्रमाणे. भोकांतून आधी नुसती हवा येते, खालून कोणीतरी सुस्कारा टाकल्यासारखी. साबा एका भोकाशी वाकून म्हणाल्या, "अगं, कुकरसारखं वाजतंय." पुढची शिट्टी पाण्याची आली. चष्म्यापासून सलवारपर्यंत भिजल्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, तर म्हणतात, थांब, अजून दोन होऊ देत.

सुमायाला ओहोटी साडेअकराला होती. आधी खडकांवर पाणीच होतं, लेकाने 'हेच का ते' असा चेहरा केला. मग तासाभरात एकेक फणी वर यायला लागली. भूगर्भदादा, त्याने तुमची काळी रेघ शोधायचा फार प्रयत्न केला, आम्हाला खात्रीने ओळखता आली नाही. पण राजगडाचं सांगितल्यावर गप्प बसून बराच वेळ बघत होता. तिथून बसने गेतारियाला गेलो. तिथे रेल्वे नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. स्टेशनवर दहा मिनिटं वाद झाला, तपशील नको. गेतारिया हे एल्कानोचं गाव. पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या सफरीत मॅगेलन फिलिपिन्समध्ये मारला गेल्यावर उरलेलं जहाज याने १५२२ साली परत आणलं, १८ माणसं आणि लवंगांची पोती घेऊन. तिथल्या चर्चची जमीन चक्क उतरती आहे. साबांनी आत जाऊन आधी गुडघ्याला हात लावला, मग जमिनीकडे बघितलं, म्हणाल्या, मला वाटलं माझंच काही बिनसलं.

बिल्बाओचा पूल लेकाला एवढा आवडला की पाळण्यातून चार वेळा इकडून तिकडे. गुगेनहाइम बाहेरूनच जास्त आवडलं, आत नवरोबांनी बाकावर डुलकी काढली. ओंदारिबिया, बोट, फ्रान्स, सगळं खमंगने लिहिलं तसंच. फक्त तोपोत चुकीच्या बाजूला बसलो, म्हणजे बाजू कुठलीही असो, बोगदेच.

खावियेर राहिलं. गास्तेलुगाचेही राहिलं. शीटवाले अजून त्याचा उल्लेख करतात.

एक तक्रार. जुन्या गावातल्या एका बारमध्ये नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन हे तिन्ही शब्द नीट म्हटले. मुलगी हसून 'सी, सी' म्हणाली आणि वर अंड्याच्या तुकड्यांसकट कोशिंबीर आणून ठेवली. चूक तिची नाही, अंडं आम्ही म्हटलंच नव्हतं. साबांनी ते बाजूला काढून नातवाच्या ताटात सरकवलं आणि मिरच्यांची आणखी एक बशी मागवली, खुणेने, बोट दाखवून.

चकली
वा! मिरच्या तिखट असतात का गं? बाबांना चालतील का?

पुरणपोळी
अजिबात नाही. साबांनी बरोबर नेलेली लाल चटणी वर टाकून खाल्ली. बारवाल्याने चव मागितली, त्याला दिली. मग त्याने दोन ग्लास पाणी प्यायलं आणि आमचं चाकोलीचं बिल लावलं नाही.